सरस्वतीच्या फोटोमागची किल्ली

एक

हे तुम्हांला पटणार नाही. आजवर कुणालाच पटलेलं नाही. आमच्या हिला, ती होती तोवर, पटलं नाही. आणि जिवल्या रिक्षावाल्याला तर मी आजचा वार सांगितला तरी तो दुसऱ्याला विचारून खात्री करून घेतो. पण देवाशपथ सांगतो, तारापूरच्या एमआयडीसीत, भर दिवसा, बंद खोलीतल्या बंद पेटीतून एक रंग चोरीला गेला होता. रंगाचं पिंप नव्हे हो. रंग. अख्खा पोपटी.

"रंग कसा चोरीला जाईल, तात्या?" जिवल्या म्हणालाच.

शुक्रवार होता. शुक्रवारी आमच्या लायनीची वीज बंद, म्हणून कंपन्या बंद, म्हणून सरावलीच्या आमच्या चाळीचा कट्टा भरलेला. जयवंती पायरीवर बसून बिरड्याचे वाल सोलत होती. ही जयवंती आता कंपनीच्या सगळ्या कंप्युटरांची मालकीण आहे. कुणी न विचारता फ्लॉपी घातली तर साहेबालाही खोलीबाहेर काढते. पण मी सांगतोय ते एकोणनव्वद साल. तेव्हा कंपनीत कंप्युटर एकच होता आणि जयवंतीला नोकरी लागून जेमतेम वर्ष झालं होतं.

मी निळ्या प्लांटचा रंगमास्तर. आमचा प्लांट असा, की त्याच्या पत्र्यावर पांढरा बगळा बसायचा आणि निळा होऊन उडायचा. शेजारच्या पाम गावच्या तळ्यावर लोक जमायचे, हे कुठल्या देशाचं पाखरू म्हणून. पलीकडे कमलाकांताचा पिवळा प्लांट. त्याच्या कुंपणाला चरणारी गाय हळद घातलेलं दूध द्यायची. सर्दी झाली की लोक तिच्याकडेच जायचे.

"गायीचं राहू द्या," जयवंती म्हणाली.

बरं, राहू दे. पण एक गोष्ट खरी, हवं तर आमच्या जुन्या उशांना विचारा. रंगाची पूड कोरडी असली तर हातावर दिसत नाही. घाम आला, पाणी लागलं, की ती उमलते. मी स्वच्छ हातानं झोपायचो आणि सकाळी उशी निळी. आमची ही म्हणायची, "माणसाशी लग्न केलं असतं तर बरं झालं असतं, या मोराचा संसार किती धुवायचा?"

तर कंप्युटर. त्याला खोलीत एसी होता, आम्हांला पंखासुद्धा नव्हता. आत जायचं तर चपला बाहेर काढायच्या. दसऱ्याला त्याला झेंडूची माळ पडायची आणि पुढे नारळ फुटायचा, पाणी उडू नये म्हणून दाराबाहेर. शेठनी ठरवलं की आमच्या डोक्यातले सगळे रंग या डब्यात भरायचे. पोपटी रंग निम्मा माझा, निम्मा कमलाकांताचा. निळ्याचं माप, ताप, किती वेळ ढवळायचं ते मी सांगितलं, पिवळ्याचं त्यानं. जयवंतीनं टाईप केलं आणि ते एका काळ्या फ्लॉपीत गेलं. फ्लॉपी पेटीत, पेटीला कुलूप.

त्या श्रावणातल्या शनिवारी सकाळी जयवंतीनं पेटी उघडली आणि अशी किंचाळली की पिवळ्या प्लांटमागची गाय आटली.

"मी किंचाळले नव्हते."

"हळू किंचाळलीस."

बाकी फ्लॉप्या जागेवर होत्या. पोपटीची नव्हती.

दोन

शेठ मुंबईहून आले तेच लाल होऊन. परदेशी गिऱ्हाईक सोमवारी यायचं होतं, तेही पोपटीसाठीच. शेठनी खोलीला टाळं ठोकलं आणि जयवंतीला बाहेरच्या बाकावर बसवलं.

"संध्याकाळपर्यंत फ्लॉपी माझ्या टेबलावर," ते म्हणाले. "नाहीतर ही पोरगी घरी, आणि तिच्या घरी पोलीस."

जयवंती तेव्हा पामला राहायची, आणि पाममध्ये पोलीस जीप एका दारात उभी राहिली की तिचा आवाज सात पिढ्या ऐकू येतो. ही घरातली पहिली पगारदार. बोईसरला टायपिंगच्या क्लासला जायची तेव्हा हिची आजी दृष्ट काढून पाठवायची. ती बाकावर ताठ बसली होती. रडत नव्हती. पदराच्या टोकाची गाठ मारत होती, सोडत होती, मारत होती.

"तात्या," जिवल्या मधेच म्हणाला, "पोपटी तर तुमच्या दोघांच्या डोक्यात होता. परत सांगायचा, परत टाईप करायचा. त्यात एवढं काय?"

जिवल्या रिक्षा चालवतो म्हणून त्याला कमी समजू नये. शेठनीसुद्धा हेच विचारलं. आम्हा दोघांना केबिनमध्ये उभं करून म्हणाले, "मास्तर, आपापला भाग घडाघडा बोला."

आणि आम्ही दोघंही गप्प उभे राहिलो.

तीन

"गप्प? का?" जिवल्या.

मी ताकाचा घोट घेतला. इतक्या मोक्याला ताक प्यायचंच असतं.

कारण त्याच वेळी दार उघडून नरहरी सावे आत आला. हेड ऑफिसचा कंप्युटरवाला. शेठच्या सगळ्या कारखान्यांतल्या मशिनी तोच सांभाळायचा. मूळचा केळव्याचा, घरची पानवेल, खिशात कायम विड्याची पानं. पण कंप्युटरच्या खोलीत पान खायचं नाही हा नियम त्याचाच, म्हणून आत जाताना पानाचा विडा तो कानामागे अडकवायचा, सुतार पेन्सिल अडकवतो तसा.

"शेठ, मास्तरांना आत्ता बोलायला लावू नका," तो म्हणाला. "घाबरलेला माणूस स्वतःच्या बायकोचं नाव विसरतो. आधी मला चोर शोधू द्या."

शेठ कुरकुरले, पण आम्ही सुटलो.

नरहरीनं खोलीचं टाळं उघडून घेतलं, चपला काढल्या, आत जाऊन नुसता उभा राहिला. मग एकेकाला बोलावलं. मी त्याच्यासोबत होतो, कारण पंचनाम्याला कुणीतरी वयस्क लागतं.

"पंचनामा कुठे होता?" जयवंती म्हणाली. "मी बाकावरून बघत होते की."

"मनातल्या मनात होता."

पहिली ठकी. डोंगरातल्या पाड्यावरून यायची, ऑफिसची झाडलोट करायची. शेठच्या माणसांनी तिची पिशवी आधीच उलटी केली होती, त्यामुळे ती तापलेली.

"ठकूबाई, पेटीची किल्ली कुठे असते?"

"सरस्वतीच्या फोटोमागं. खिळ्याला." ती म्हणाली. "आन मी कशाला घेऊ ती काली चकती? तिच्यात भात शिजत नाय, ती नेसता येत नाय. माझी पिशवी झाडलीत, आता त्या टायवाल्याची पन झाडा!"

टायवाला म्हणजे लॅबमधला सक्सेना. त्याला वापीच्या कंपनीचं बोलावणं आलं होतं, हे सगळ्यांना माहीत होतं, म्हणून सगळ्यांचा संशय त्याच्यावर.

"किल्ली?" नरहरीनं विचारलं.

"सरस्वतीजी के पीछे। लेकिन साहब, मैं क्यों चुराऊँगा? वापीवाले पोपटी बनाते ही नहीं।"

नरहरीनं मला विचारलं. मी म्हटलं, सरस्वतीमागे. कमलाकांताला विचारलं. तोही म्हणाला, सरस्वतीमागे. मग त्यानं खिडकीतून हात करून, बाहेर सायकलवरून पाव विकत चाललेल्या माणसाला थांबवलं.

"तोही म्हणाला सरस्वतीमागे?" जिवल्यानं डोळे फाडले.

"तो म्हणाला, आधी मारुतीमागे होती, दिवाळीपासून सरस्वतीमागे हलवली."

कट्टा हसला. जयवंतीसुद्धा हसली, पण तिचा चेहरा जरा तांबूस झाला. किल्ली तिथे ठेवायची तीच.

नरहरी मात्र हसला नाही. तो जयवंतीच्या बाकाजवळ गेला आणि म्हणाला, "पोरी, कुलूप नुसतं लोखंडाचं असून उपयोग नाही. किल्लीची जागा सगळ्यांना ठाऊक झाली की ते दागिना होतं, नुसतं शोभेला." मग त्यानं आवाज खाली आणला. "पण चोर तू नाहीस. ते मला कळलं. आता फक्त कोण आहे ते शोधायचं, आणि नंतर ते शेठना सांगायचं की नाही ते ठरवायचं."

चार

आत येऊन नरहरीनं बाकीच्या फ्लॉप्या एकेक उजेडात धरल्या. शुक्रवारी वीज नाही, एसी नाही. आणि आपल्या समुद्रकाठच्या हवेत श्रावणात बंद खोलीत चपलेलासुद्धा मिशा फुटतात. फ्लॉप्यांवर पांढरी बुरशी यायला लागली होती. पण काहींची बुरशी कुणीतरी पुसली होती. अगदी हलक्या हातानं, बाळाचं नाक पुसावं तशी.

"जयवंती, तू पुसलीस?"

बाहेरून आवाज आला, "मला कुठे ठाऊक, बुरशी आली ते?"

"ठकूबाई?"

"मी त्या पेटीला हात लावत नाय. मशीनला पन कोरडंच फडकं. वल्लं फडकं लावायचं नाय, असा तुमीच ताकीद दिलाव."

कोरडं फडकं हा शब्द ऐकला आणि नरहरी एकदम ताठ झाला. कानामागचा विडा खाली पडला. त्यानं ठकीकडून वाटीभर पाणी मागवलं, कापसाचा बोळा भिजवून पिळला आणि कीबोर्डवरून एकेका बटणावर टेकवत निघाला. अक्षरांवर टेकवला, बोळा पांढरा. आकड्यांवर टेकवला, पांढरा. मग उजव्या अंगाच्या त्या बाणांच्या बटणांवर टेकवला.

आणि बोळा उमलला. अहाहा! मोराच्या मानेसारखा निळाशार! एवढासा कापूस, पण मला वाटलं खोलीभर आभाळ उतरलं.

कट्टा पुढे सरकला. वाल सोलणारा हातही क्षणभर थांबलासा वाटला. मी घाईनं पुढे निघालो. रंगाचं सोडा, कुठल्या बटणांवर लागला होता ते महत्त्वाचं.

"ही बटणं कशाची?" नरहरीनं मला विचारलं आणि स्वतःच उत्तर दिलं. "वर जायचं आणि खाली जायचं. बस. चोराला नक्कल करायची तर अक्षरं दाबावी लागतात. पुसून टाकायचं तरी दाबावी लागतात. हा माणूस नुसता वर जात होता आणि खाली येत होता. मास्तर, हा चोरत नव्हता. हा वाचत होता."

"काय वाचत होता?"

"एकच पान. पुन्हा वर जाऊन पुन्हा तेच. रोज. एका दिवसात इतका रंग साचत नाही. जयवंती जेवायला कँटीनला जायची, मशीन चालू ठेवून, दाराला नुसती कडी लावून. तेवढ्यात यायचा, चपला काढायचा, फोटोमागची किल्ली घ्यायचा, फ्लॉपी घालायचा, बाणानंच पान उघडायचा, वाचायचा, होतं तसं ठेवून जायचा."

"पण पोपटीचं पान रोज कोण वाचेल?" जिवल्या म्हणाला. "ज्याला येत नाय तो एकदा चोरून नेईल. ज्याला येतं त्याला वाचायचं कारणच नाय."

मी म्हटलं, "ज्याला येत होतं, तो वाचेल."

पाच

खरं सांगू? रंगमास्तराकडे दुसरं काही नसतं. शाळा चौथी, घर भाड्याचं, छातीत खोकला. डोक्यात रंग असतात, एवढंच. नवीन सक्सेनासाहेब कागद घेऊन फिरतो, आणि मास्तर नुसता पातेल्यावर वाकून वास घेतो आणि म्हणतो, "अजून जरा." त्या "अजून जरा"साठी शेठ त्याला मास्तर म्हणतात. आणि एक दिवस तो पातेल्यावर वाकतो, आणि अजून जरा की झालं, हेच आठवत नाही. पहिल्या दिवशी वाटतं, झोप कमी झाली. मग वाटतं, उन्हाळा आहे. मग एके दिवशी तो हातात ढवळणं धरून उभा राहतो, आणि समोरचा रंग कुठला तेच कळत नाही. कुणाला सांगणार? सांगितलं की संपलं. घरी बसा, मास्तर, खूप केलंत.

पण त्यानं सांगितलेला रंग त्या काळ्या चकतीत जसाच्या तसा होता. त्याच्याच शब्दांत. तो रोज जायचा आणि स्वतःला विचारून यायचा.

जिवल्या आता रिक्षाला टेकून नीट उभा राहिला होता.

"म्हणजे मास्तर. दोघांतला एक."

"दोघांतला एक," मी म्हटलं. "कमलाकांत."

त्या दुपारी नरहरीनं आम्हांला वेगवेगळं बोलावलं. मी माझा निळा भाग घडाघडा म्हणून दाखवला, श्लोकासारखा. कमलाकांत सुरुवातीलाच अडखळला. नरहरी त्याला घेऊन पाण्याच्या टाकीमागे गेला, जिथे कुणी ऐकायला नव्हतं. तिथे कमलाकांत लहान पोरासारखा रडला. म्हणाला, "गुरुवारी बघितलं, बाकीच्यांवर बुरशी चढलीय, जमेल तेवढी पुसली. शुक्रवारी एसी बंद. माझ्या डोक्यातून गेलंय, आता चकतीतूनही गेलं तर कुठे शोधू? म्हणून घरी नेली. तांदळाच्या डब्यात ठेवली. तांदळात काही सादळत नाही ना. शनिवारी जेवणाच्या सुट्टीत परत ठेवणार होतो, त्याआधी पोरीनं पेटी उघडली. तिचं नाव येईल असं वाटलंच नव्हतं. शेठसमोर तोंड उघडणार होतो, पण जीभच वळली नाही."

"मग आता वळवा," नरहरी म्हणाला. "पण माझ्याजवळच. शेठजवळ नको."

दोघे नरहरीच्या स्कूटरवरून खोलीवर गेले. डबा उघडला. फ्लॉपी अशी कोरडी ठणठणीत, की आंबेमोहराचा वास येत होता. पाकिटातून दोन दाणे घरंगळले. नरहरीनं ते उचलून खिशात टाकले, पानांसोबत.

संध्याकाळी शेठसमोर पेटी आली. नरहरीनं पेटीच्या तळाचा कागद उचलला, आणि त्याखाली पोपटीची फ्लॉपी!

"दमट हवेनं कागद फुगला, फ्लॉपी खाली सरकली," तो गंभीरपणे म्हणाला. "चोर असलाच तर हवा आहे, शेठ. तिच्यावर केस करा."

शेठनी फ्लॉपीचा वास घेतला. "ह्याला भाताचा वास कसा येतो?"

"कँटीन शेजारीच आहे," नरहरी म्हणाला.

आणि जयवंती बाकावरून उठली. गाठी मारून मारून तिच्या पदराचं टोक पिळलेल्या फडक्यासारखं झालं होतं. ती कुणाशी काही बोलली नाही. आत गेली, चपला काढल्या, मशीनसमोर बसली आणि पहिलं काम म्हणजे सरस्वतीच्या मागचा खिळा उपटून काढला.

"ते खरं आहे," जयवंती हळूच म्हणाली.

सहा

आता शेवटचं सांगतो, मग ताक संपवतो.

नरहरीनं त्या दिवशी नियम केला. पोपटीच्या तीन प्रती. एक पेटीत, एक शेठच्या तिजोरीत, एक कंपनीबाहेर, कारण एकाच छपराखाली सगळं ठेवलं की एका आगीत सगळं जातं. शेठ म्हणाले, बाहेरची प्रत कुठे ठेवणार? नरहरी म्हणाला, माझी जागा ठरलेली आहे.

निघताना तो टाकीमागे आला. मोठ्या मोठ्या अक्षरांत छापलेला कागद, बारीक घडी घातलेला, त्यानं मास्तराच्या सदऱ्याच्या खिशात सरकवला. म्हणाला, "प्रत बाहेर ठेवायची, हा सिक्युरिटीचा नियम आहे. ही तुमच्याकडे. हरवायची नाही. जेवणाच्या सुट्टीत एकदा तपासत जा, शाबूत आहे का ते." वर एक पान दिलं, केळव्याचं.

मास्तर त्या खिशावर आणखी चार वर्षं रंगमास्तर राहिला. कुणाला कळलं नाही. नरहरी पुढे गेला, कमलाकांतही गेला बिचारा. आणि पोपटी अजून तसाच निघतो, बघा जाऊन.

जिवल्यानं नाक पुसलं आणि नाक पुसलंच नाही असं दाखवलं. "हे मातर पटलं, तात्या," तो म्हणाला. "बगला सोडून सगला पटलं. बिचारा कमलाकांत."

"बिचारा," मी म्हटलं.

अंधारायला लागलं होतं. मी उठलो, खिसे चाचपले. किल्ली नाही. हल्ली माझ्या खोलीची किल्ली जयवंतीकडेच असते, मी कुठे ठेवतो ते मला सापडत नाही म्हणून तिनंच मागून घेतली. तिनं वालाचं सूप खाली ठेवलं, हात पुसले, कमरेची किल्ली काढून माझ्या हातावर ठेवली. पण सोडली नाही. माझा हात तसाच धरून ठेवला, उलटा केला आणि बोटांकडे बघत राहिली, जणू अजून काही उमलेल.

"आणि टाकीमागे कुणी ऐकायला नव्हतं, तर ते रडणं तुम्ही ऐकलंत कुठून?" ती म्हणाली. "बरं, तेही राहू दे. मला एवढंच सांगा, तात्या. कमलाकांतकाका जन्मभर पिवळ्या प्लांटमध्ये होते. मग बाणांच्या बटणांवर निळा रंग कुणाच्या बोटांचा?"